चौथं प्रकरण उघडत नाही

"केंद्रेबाई, तुमचा शत्रू मी नाही, हा आहे," असं म्हणत सोनटक्के सरांनी दिवाणावरचा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

लॅपटॉपची एका बाजूची बिजागरी तुटलेली होती आणि तिला खाकी चिकटपट्टी लावलेली होती. झाकण भिंतीला टेकवल्याशिवाय उभं राहत नव्हतं. सरांनी बटण दाबलं, आतून पीठगिरणीसारखी घरघर सुरू झाली आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. पडदा बराच वेळ काळाच राहिला.

"बघा," सर समाधानाने म्हणाले. "तुमचं चौथं प्रकरण उघडायला जातो आणि हे असं होतं. पहिली तीन कशीबशी वाचली. चौथ्यात तक्ते आहेत ना, ते याला झेपत नाहीत."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. अहमदपूरला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होते आणि सहा वर्षांपासून लातूरला सरांकडे पीएचडी करत होते. विषय होता खेड्यांतले आठवडी बाजार. एक्केचाळीस बाजार मी पायाखाली घातले होते. त्या दिवशी मार्चची सत्तावीस तारीख होती आणि माझी दोनदा वाढवून घेतलेली नोंदणी एकतीस तारखेला संपत होती. त्याआधी प्रबंधावर सरांची सही झाली नाही तर सहा वर्षं पाण्यात.

"सर, मी छापील प्रत आणली आहे," मी म्हणाले. "कागदावर वाचलंत तर—"

"कागद नको. मी काय सांगितलंय पहिल्या दिवसापासून? जे काय असेल ते मेल करा. कागदावर वाचलं की माझं लक्ष लागत नाही." त्यांनी पाय वर घेतले. "आता याचं काय करायचं ते तुम्ही बघा. दुरुस्त करा, आतले भाग बदला, नाहीतर नवा घ्या. तुमच्या पिढीला कळतं यातलं. मला विचाराल तर नवाच बरा. राठोडांनी प्रिंटर आणून दिला होता, अजून एक नंबर चालतो."

राठोड म्हणजे सरांचे माझ्या आधीचे विद्यार्थी. गेल्या वर्षी ते डॉक्टर झाले. सरांच्या शेतातल्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा तीन दिवस तेच उभे होते, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. मीही काही कमी केलं नव्हतं. सरांच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या खोलीची किल्ली सांभाळली होती, परीक्षेचे पेपर तपासून दिले होते, एका परिसंवादात त्यांचं भाषण लिहून दिलं होतं. नवा लॅपटॉप मात्र मी देणार नव्हते. एवढं एक माझ्यात शिल्लक होतं आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

काकू चहा घेऊन आल्या. "याला काय झालंय?" त्यांनी विचारलं. "पत्ते खेळताना तर बरा चालतो."

"तुला त्यातलं कळत नाही," सर म्हणाले.

पासवर्ड त्यांनी मला लिहून दिला. त्यांचंच नाव आणि पुढे पीएचडी. "यातलं काहीही जाता कामा नये," त्यांनी बजावलं. "विशेषतः 'विद्यार्थी' नावाचा फोल्डर. तुम्हा सगळ्यांची आयुष्यं आहेत त्यात."

लॅपटॉप पिशवीत घालून मी निघाले. तो मांडीवर घेऊन रिक्षात बसले तेव्हा मला खरंच उमेद वाटत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या अडचणीला बिजागरी होती, पंखा होता, स्क्रू होते. ती कुणीतरी उघडून नीट करू शकत होतं.

मुक्ता गिराम हिचं दुकान लातूरमध्येच, एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. आमच्या कॉलेजचे संगणक तीच दुरुस्त करायची. माझ्याच वयाची, बोलायला तुसडी आणि कामाला पक्की. तिने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि चिमट्याने आतून एक राखाडी गोळा बाहेर काढला.

"कापूस," ती म्हणाली. "गादीवर ठेवून वापरलाय. पंख्याला श्वासच नाही. हे बघा, सुपारी. आणि हे वेलदोड्याचं साल. हा तुमचा का?"

"माझ्या सरांचा."

"मग बरं. तुमचा असता तर बोलले असते." तिने बॅटरीवर बोट ठेवलं. "फुगलीय. आणि हार्ड डिस्क मरायलीय, ऐका." तिने मशीन कानाजवळ धरलं. आत काहीतरी ठराविक वेळाने टकटक करत होतं. "तीन रस्ते आहेत. नुसतं साफ करून बॅटरी घालते, दोन महिने ढकलाल. नाहीतर जुनी डिस्क काढून नवी, वेगवान टाकते, मेमरी वाढवते, बिजागरी बसवते. मग अजून चार वर्षं बघायला नको. नाहीतर नवा घ्या. काय करतात हे याच्यावर?"

"संशोधन."

"म्हणजे काय करतात?"

"वाचतात. विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचतात."

"वाचायला नवा कशाला लागतोय? वाचायला डोळे लागतात." तिने कापसाचा गोळा टोपलीत टाकला. "आणि नवा दिलात तरी तो गादीवरच जाणार."

"सर म्हणत होते नवाच बरा."

"देणारा दुसरा असला की सगळे तसंच म्हणतात."

मी दुसरा रस्ता निवडला. तक्ते उघडायला जे जे लागेल ते सगळं घाल, असं मी तिला सांगितलं. मुक्ता म्हणाली, जुन्या डिस्कवरचं सगळं आधी उतरवून घ्यावं लागेल, ती कधी बसेल याचा नेम नाही; उद्या दुपारी या. मी मावशीकडे मुक्काम केला. सरांनी उघडल्या उघडल्या दिसावं म्हणून चौथं प्रकरण त्या संध्याकाळी पुन्हा एकदा मेल केलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'सर, अंतिम'. हे प्रकरण मी पाच वेळा लिहिलं होतं. पहिल्यांदा सर म्हणाले होते, मांडणी विस्कळीत आहे. दुसऱ्यांदा, संदर्भ वाढवा. तिसऱ्यांदा, भाषा खेडवळ वाटते, बाजारातून उठून आल्यासारखी. चौथ्यांदा त्यांनी बराच विचार करून सांगितलं होतं की सगळं ठीक आहे पण धार नाही. त्या एका शब्दावर मी आठ महिने घालवले. माझ्या मुलीचं पहिलीचं अर्धं वर्ष मला आठवत नाही. मी धार लावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ताने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. झाकण आपल्या आपण उभं राहिलं. तिने बटण दाबलं आणि मी दहा मोजायच्या आत पडदा उजळला. आवाज अजिबात नव्हता.

"तुमची ती फाइल उघडून खात्री करून घ्या," ती म्हणाली. "नंतर तक्रार नको."

मी 'विद्यार्थी' फोल्डर उघडला. आत आमच्या नावांचे फोल्डर ओळीने होते. राठोड, केंद्रे, शिवणकर, आणखी चौघे. माझा उघडला. रिकामा होता.

"हे आलं नाही वाटतं," मी म्हणाले.

मुक्ताने जुनी डिस्क तारेने जोडून बघितली. "तिच्यातही रिकामाच आहे. हे सगळेच रिकामे आहेत, मॅडम. माझ्याकडून काही गेलेलं नाही. मेलवरनं वाचत असतील."

मेल उघडाच होता. सरांनी कधी बंद केलाच नव्हता. शेजारच्या खिडकीत पत्त्यांचा खेळ होता, अर्ध्यावर सोडलेला डाव. दुसऱ्याचा मेल बघू नये हे मला कळत होतं. पण मला फक्त माझी फाइल उघडून बघायची होती, तक्ते उघडतात की नाही एवढंच. मी शोधायच्या चौकटीत माझं आडनाव टाकलं.

माझे बत्तीस मेल खालोखाल आले. सगळे ठळक, काळ्याभोर अक्षरात.

मी बघत राहिले. कालचा 'सर, अंतिम' ठळक असणार हे साहजिक होतं. त्याच्या खालचा गेल्या दिवाळीचा होता, तोही ठळक. पहिलं प्रकरण, साडेचार वर्षांपूर्वीचं. दुसरं, तिसरं. चौथं, चौथं सुधारित, चौथं पुन्हा सुधारित.

"ठळक म्हणजे न उघडलेले ना?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

मुक्ताने वाकून बघितलं आणि ती सरळ झाली. "हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी देऊ?"

मी राठोडांचं नाव टाकलं. तेही सगळे ठळक. डॉक्टर राठोड. सरांनी उघडलेले मेलही दिसत होते, फिक्या अक्षरात. प्लॉटची जाहिरात उघडली होती. कुणीतरी पाठवलेले बायकोवरचे विनोद उघडले होते आणि पुढे सात जणांना पाठवले होते. मूळव्याधीवरचं घरगुती औषध दोनदा उघडलं होतं.

मला रडू वगैरे आलं नाही. खरं सांगायचं तर मला एक प्रकारचा आनंद झाला. सहा वर्षं मी या माणसाला भ्याले होते. आणि हा माणूस गादीवर पडून, सुपारी चघळत, न वाचलेल्या पानांना धार नाही म्हणून सांगत होता. एका क्षणात ते माझ्या नजरेतून इतके खाली गेले की मला हलकं वाटायला लागलं. तुच्छ मानण्यातही सुख असतं. ते मला त्या दिवशी त्या दुकानात पोटभर मिळालं.

"आता काय करणार?" मुक्ताने विचारलं.

"त्यांचा लॅपटॉप त्यांना देणार," मी म्हणाले.

सर बनियनवर दिवाणावर बसले होते. मी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, त्यांच्यासमोर उघडला. तो सुरू झाला तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"वा. नवा घेतला असतात तरी असा चालला नसता."

"सर, मेल उघडा," मी म्हणाले. "माझं नाव टाका."

माझा आवाज वेगळा लागला असावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. नाव टाकलं नाही. "बघतो नंतर. निवांत."

मी हात पुढे करून स्वतःच टाकलं. बत्तीस मेल आले.

सरांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "मी फोनवर वाचतो पुष्कळदा," ते म्हणाले. "त्यात असं दिसत नाही."

"फोनवर उघडलं तरी इथे फिकं होतं, सर. आणि तुमचा फोन बटणांचा आहे."

आत काकू भांडी लावत होत्या, तो आवाज थांबला. मला वाटलं, आता हा माणूस शरमेल. मी त्यासाठीच आले होते. रिक्षात बसून मी त्यांची मान खाली गेलेली तीन-चार वेळा बघूनही घेतली होती.

"हे बघा केंद्रेबाई," ते शांतपणे म्हणाले, "मी वाचलं असतं तर तुम्ही दोनदा लिहिलं असतं. मी वाचलं नाही म्हणून पाचदा लिहिलंत. नुकसान कुणाचं झालं?"

"माझी सहा वर्षं गेली."

"सगळ्यांची जातात. माझी नऊ गेली होती." त्यांनी हात पुढे केला. "आणा ती छापील प्रत. करतो सही. राठोडला काय, मी वाचून दिली होती का? वाचणारे परीक्षक आहेत की."

सही तिथेच होती, हातभर अंतरावर. ती घेऊन निघाले असते तर ही गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण मला अजून थोडं हवं होतं. मला त्यांना त्यांच्याच दिवाणावर विद्यार्थी करून बसवायचं होतं.

"सही नंतर करा," मी म्हणाले. "आधी चौथं प्रकरण वाचा. इथे, माझ्यासमोर. आता उघडतं."

त्यांनी खांदे उडवले आणि उघडलं. दोन सेकंदांत माझे सगळे तक्ते पडद्यावर उभे राहिले. मी समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले.

पहिली दोन पानं त्यांनी पत्ते टाकावेत तशी ढकलली. तिसऱ्यावर थांबले. मग मागे गेले. पाय खाली सोडून नीट बसले. उशाजवळून दुसरा चष्मा घेतला. काकू चहा ठेवून गेल्या, त्याकडे त्यांनी बघितलं नाही. चहावर साय धरली. मी या माणसाला सहा वर्षं ओळखत होते आणि हा चेहरा मी कधीच बघितला नव्हता.

अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "डांबरी रस्ता झाल्यावर बाजार आटला, असं तुमचं म्हणणं."

"हो. एक्केचाळीसपैकी चौतीस बाजारांत दुकानं कमी झाली. तक्ता सहामध्ये आहे."

"बघितला. रस्त्याआधीची मोजणी कधी केलीत?"

"पहिल्या वर्षी. ऑक्टोबरमध्ये."

"दिवाळीच्या तोंडावर. सोयाबीन नुकतं निघालेलं."

"हो."

"आणि रस्ता झाल्यानंतरची?"

माझ्या तोंडातून उत्तर निघायच्या आधीच मला ते दिसलं. तरी मी म्हणाले, "जूनमध्ये. कॉलेजला सुट्टी होती म्हणून."

"पेरणीच्या तोंडावर. कुणाच्या हातात दमडी नसताना." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. कुतूहल होतं आणि तेच मला सहन झालं नाही. "मग बाजार रस्त्याने आटला की पेरणीने? हे तुमच्या तक्त्यावरून कसं कळायचं?"

कळणार नव्हतं. एक्केचाळीस बाजार दोनदा हिंडून मी फक्त एवढंच सिद्ध केलं होतं की दिवाळीत लोक खरेदी करतात आणि जूनमध्ये करत नाहीत. हे माझ्या आईला प्रबंध न लिहिता माहीत होतं. पाचही खेपांना मी वाक्यं घासली होती, संदर्भ वाढवले होते, भाषेतला बाजार काढून टाकला होता. तारखांकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"पुन्हा मोजावं लागेल," मी म्हणाले. "ऑक्टोबरमध्येच."

"लागेल. ते कठीण नाही, एका दिवाळीचं काम आहे. पहिल्या खेपेलाच लक्षात आलं असतं तर—" इथे ते थांबले. मला वाटतं, आपण काय बोलतोय ते त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. ते पडद्याकडे बघत राहिले, जिथे ती पहिली खेप चार वर्षं ठळक अक्षरात पडून होती.

"बाकी काम चांगलं आहे," ते म्हणाले. "हे मी खरं सांगतोय. गुरांच्या बाजाराचा भाग तर फार चांगला आहे."

सहा वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं खरं कौतुक. मला ते घेताही येईना आणि फेकताही येईना. हा माणूस मूर्ख असता तर किती सोपं झालं असतं. तो मूर्ख नव्हता. अर्ध्या तासात त्याने जे बघितलं ते मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. तो अर्धा तास त्याने मला दिला नव्हता, एवढंच.

"नोंदणी एकतीसला संपते ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुन्हा वाढवून मिळणार नाही."

"नाही."

त्यांनी पेन काढलं. छापील प्रत मांडीवर घेतली, पहिलं पान उलटलं, प्रमाणपत्राचं पान काढलं. 'सदर संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले असून ते सर्वस्वी समाधानकारक आहे.' पेन त्या ओळीखाली टेकवून ते थांबले आणि त्यांनी मान वर केली. त्यांनी मला काहीही सुचवलं नाही, घाई केली नाही, भीती घातली नाही. नुसतं विचारलं.

"काय करू?"

नको म्हणायला एक शब्द लागतो. दुसरा मार्गदर्शक शोधायचा, पुन्हा नोंदणी करायची, ऑक्टोबरमध्ये एसटी पकडून पहिल्या बाजाराला उतरायचं. रस्ता मला स्पष्ट दिसत होता. मुलगी दुसरीत जाणार होती. कॉलेजात वरिष्ठ विभागाची जागा निघणार होती. आणि मी थकले होते.

"करा," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. झोकदार सही होती, खाली दोन टिंबं. मी पाया पडले, कारण न पडता निघणं मला जमलं नाही.

व्हायवा डिसेंबरमध्ये झाली. मध्ये एक दिवाळी येऊन गेली होती आणि मी कुठल्याही बाजाराला गेले नव्हते. बाहेरचे परीक्षक सज्जन होते, सुटाबुटात आले होते, त्यांची परतीची गाडी साडेचारची होती. विभागातले लोक, माझा नवरा, मुलगी, राठोड, सगळे समोर बसले होते. सोनटक्के सर परीक्षकांच्या शेजारी होते. मी फलकासमोर उभी राहून पंचवीस मिनिटं बोलले. तक्ता सहा दाखवताना मी अडखळेन असं मला वाटलं होतं. अडखळले नाही.

परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही प्रस्तावनेवरचे. मग ते सभेकडे वळून म्हणाले, "या प्रबंधाचा प्राण त्याच्या चौथ्या प्रकरणात आहे. रस्ता आणि बाजार यांचं नातं इतक्या ठामपणे आपल्याकडे कुणी दाखवलेलं नाही. डॉक्टर केंद्रे, याचं पुस्तक करा."

टाळ्या वाजल्या. माझी मुलगी उभी राहून वाजवत होती. सर समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते. त्या खोलीत ते आणि मी, दोघांनाच खरं माहीत होतं. मला बोलायला एवढी मोकळी जागा पुन्हा कधी मिळाली नाही.

मी हात जोडले. "सगळं सरांचं मार्गदर्शन," मी म्हणाले.

सरांनी नम्रपणे मान खाली घातली.